बाप खलिफा, सासरा निजाम, पदवी वऱ्हाडची. पण दुर्रुशेहवार यांचं नाव टिकलं ते दवाखान्यामुळे

मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी रेल्वे धरली की भोकर सोडल्यावर हिमायतनगर लागतं. नांदेड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. जुनं नाव वाढोणा. परमेश्वराचं मंदिर आणि महाशिवरात्रीची यात्रा ही या गावाची पंचक्रोशीतली ओळख.

पण मग हे हिमायत कोण?

हैदराबाद संस्थानात हिमायत हे नाव राजपुत्राचं होतं. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या थोरल्या मुलाचं नाव मीर हिमायत अली खान. हैदराबादेत हिमायतसागर नावाचा तलाव आहे, हिमायतनगर नावाची वस्तीसुद्धा आहे. पुढे हा राजपुत्र आझम जाह या किताबाने ओळखला जाऊ लागला.

आता गंमत बघा. हिमायतनगरच्या उत्तरेला पैनगंगा वाहते. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा, म्हणजे वऱ्हाड. इंग्रज त्याला बेरार म्हणायचे. आणि या राजपुत्राची अधिकृत पदवी होती प्रिन्स ऑफ बेरार.

म्हणजे नदीच्या अलीकडे नाव, पलीकडे पदवी.

साहजिकच त्याची बायको झाली प्रिन्सेस ऑफ बेरार. ती मूळची ना वऱ्हाडची, ना मराठवाड्याची, ना हैदराबादची. ती होती इस्तंबूलची. जगातल्या शेवटच्या उस्मानी खलिफाची एकुलती एक मुलगी. नाव दुर्रुशेहवार. या नावाचा अर्थ होतो, राजाला शोभेल असा मोती.

राजघराण्यात लग्न करून गेलेल्या बाईची पदवी नेमकी कोणाची असते, आणि ती पदवी सांभाळून तिला स्वतःचं काही काम करता येतं का, यावर आजही भरपूर चर्चा होते. २०२० मध्ये ब्रिटनचे हॅरी आणि मेगन राजघराण्याच्या कामातून बाहेर पडले तेव्हा सगळ्या जगात हाच वाद रंगला होता. कमाई स्वतःची करायची तर हिज रॉयल हायनेस, हर रॉयल हायनेस हे बिरुद वापरता येणार नाही, असं तेव्हा ठरलं.

दुर्रुशेहवार यांच्या आयुष्यात हा प्रश्न एकदा नाही, तीनदा आला. दर वेळी पदवी देणारा वेगळा आणि काढून घेणाराही वेगळा.

जन्माने मिळालेली पदवी

दुर्रुशेहवार यांचा जन्म २६ जानेवारी १९१४ रोजी इस्तंबूलमध्ये झाला. वडील अब्दुलमजीद हे उस्मानी घराण्यातले शहजादे. राजकारणापेक्षा रंग आणि ब्रश यांच्यात रमणारे. ते उत्तम चित्रकार होते, संगीताचे जाणकार होते आणि त्यांच्या घरात पुस्तकांचा मोठा संग्रह होता.

उस्मानी घराण्यात मुलींच्या पदव्यांचा नियम मोठा चोख होता. शहजाद्याच्या मुलीला सुलतान म्हणायचे. नावापुढे नाही, नावामागे. म्हणून ही झाली दुर्रुशेहवार सुलतान. पण सुलतान मुलीचं लग्न बाहेरच्या माणसाशी झालं तर तिच्या मुलीला सुलतान म्हणता येत नसे. तिला हनिमसुलतान अशी एक पायरी खालची पदवी मिळायची. आणि जावयाला म्हणायचे दामाद.

म्हणजे बाईची पदवी तिच्या बापाकडून यायची, नवऱ्याकडून नाही. लग्नानंतरही ती सुलतानच राहायची. इंग्लंडच्या आणि भारतीय संस्थानांच्या पद्धतीच्या हे अगदी उलट होतं. तिथे बाई कोणाची कोण हे नवऱ्यावरून ठरायचं.

१९२२ साली मुस्तफा कमाल यांच्या अंकारामधल्या संसदेने सुलतानपद रद्द केलं. खलिफापद मात्र ठेवलं आणि त्यावर अब्दुलमजीद यांना बसवलं. त्यांच्या हातात ना सैन्य होतं, ना खजिना. होता तो फक्त मान.

तोही जेमतेम सव्वा वर्ष टिकला.

३ मार्च १९२४ रोजी संसदेने खलिफापदही रद्द केलं. उस्मानी घराण्यातल्या सगळ्यांचं नागरिकत्व काढून घेतलं आणि त्यांना देशाबाहेर जायला सांगितलं. खलिफाला तर रातोरात राजवाडा सोडावा लागला. इस्तंबूलच्या मुख्य स्टेशनवर गर्दी होईल म्हणून त्यांना शहराबाहेरच्या छोट्या स्टेशनवर नेऊन रेल्वेत बसवलं.

दुर्रुशेहवार तेव्हा दहा वर्षांची होती. सुलतान ही तिची पदवी एका कायद्याने गेली. देश गेला, पासपोर्ट गेला.

आधी स्वित्झर्लंड, मग फ्रान्सच्या दक्षिणेला समुद्रकिनाऱ्यावरचं नीस शहर. तिथे एका बंगल्यात खलिफाचं कुटुंब राहू लागलं. वडिलांनी मुलीच्या शिक्षणाकडे जातीने लक्ष दिलं. तुर्की घरातलं होतंच, फ्रेंच आणि इंग्रजीही ती सफाईने बोलू लागली. पुढे हैदराबादेत आल्यावर त्यात उर्दूची भर पडली.

हैदराबादचा पैसा आणि इस्तंबूलचं नाव

परागंदा खलिफाच्या घरखर्चाचं काय, हा प्रश्न होताच. तो सोडवला हैदराबादच्या निजामाने. उस्मान अली खान हा त्या काळात जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक मानला जायचा. त्याने खलिफाला दरमहा ३०० पौंडांचा तनखा सुरू केला.

भारतात खिलाफत चळवळ गाजवणारे मौलाना शौकत अली यांनी पुढची पायरी गाठली. निजामाच्या थोरल्या मुलासाठी खलिफाच्या मुलीचं स्थळ त्यांनी जुळवलं.

यात दोन्ही बाजूंचा हिशेब होता. निजामाकडे पैसा होता, पण मुस्लिम जगात उस्मानी घराण्याइतकं मोठं नाव नव्हतं. खलिफाकडे नाव होतं, पण हातात पैसा नव्हता. या लग्नातून होणारा मुलगा एकीकडून निजामाचा नातू आणि दुसरीकडून खलिफाचा नातू असणार होता. त्यामुळे इंग्रज सरकारचंही या सोयरिकीवर बारीक लक्ष होतं.

१२ नोव्हेंबर १९३१ रोजी नीसमध्ये लग्न झालं. त्याच दिवशी, तिथेच, निजामाचा धाकटा मुलगा मुअज्जम जाह याचंही लग्न लागलं. त्याची नवरी होती निलोफर. तीही उस्मानी घराण्यातलीच, पण आईकडून. म्हणून तिची पदवी हनिमसुलतान. दुर्रुशेहवार १७ वर्षांच्या, निलोफर १५ वर्षांची.

दोघी नववधू नवऱ्यांबरोबर पिल्स्ना नावाच्या जहाजाने मुंबईला निघाल्या. त्याच जहाजावर लंडनची गोलमेज परिषद आटोपून परतणारे महात्मा गांधी होते. २८ डिसेंबर १९३१ रोजी जहाज मुंबईला लागलं. बंदरावरची गर्दी अर्थातच गांधीजींसाठी होती.

हैदराबादला पोचल्यावर सासऱ्याने सुनेला नवं नाव दिलं, दुर्दाना बेगम. ही तिची दुसरी पदवी. पहिली बापाच्या घराण्याची होती, ही सासऱ्याच्या मर्जीची.

जमीन इंग्रजांची, पदवी निजामाची

तिसरी पदवी आली ती वऱ्हाडमुळे. तिची गोष्ट मराठी माणसाने जरूर समजून घ्यावी अशी आहे.

वऱ्हाड, म्हणजे आजचे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम हे जिल्हे, कागदोपत्री निजामाचा मुलूख होता. पण निजामाने इंग्रजांची फौज स्वतःच्या खर्चाने पोसायची असा करार होता. त्या खर्चाची थकबाकी वाढत गेली. १८५३ साली इंग्रजांनी त्या बदल्यात वऱ्हाडचा कारभार आपल्याकडे घेतला. वऱ्हाडची काळी जमीन कापसाची. इंग्रजांना ती सोडवेना.

१९०२ साली लॉर्ड कर्झनने हा मुलूख कायमच्या भाडेपट्ट्यावर घेतला. भाडं दरसाल २५ लाख रुपये. पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडून टाकला. निजाम मात्र तो परत मागतच राहिला.

शेवटी १९३६ साली तोडगा निघाला. वऱ्हाडवर निजामाचं सार्वभौमत्व आहे हे इंग्रजांनी मान्य केलं, पण कारभार स्वतःकडेच ठेवला. निजामाच्या समाधानासाठी त्याच्या बिरुदात हैदराबादबरोबर बेरार जोडलं आणि त्याच्या वारसाला हिज हायनेस द प्रिन्स ऑफ बेरार अशी पदवी दिली.

अशा रीतीने दुर्रुशेहवार प्रिन्सेस ऑफ बेरार झाल्या. अमरावतीच्या कापूस बाजारात किंवा यवतमाळच्या कचेरीत त्यांच्या शब्दाने कागदाचा एक कपटाही हलला नसता. तरी लंडनच्या समारंभांत आणि वर्तमानपत्रांत याच नावाने त्यांचा उल्लेख होऊ लागला. १९३७ साली सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाला नवराबायको हैदराबादच्या वतीने हजर राहिले.

पदवी होती, काम मात्र नव्हतं

आता मुद्द्याचा प्रश्न. त्या काळात राजघराण्याच्या सुनेला स्वतःचं काम करता यायचं का?

नोकरी किंवा धंदा हा विषयच नव्हता. दरबारात सुनेसाठी पद नव्हतं. तिच्या हातात सही-शिक्क्याचा अधिकार नव्हता. खर्चाचा पैसा सासऱ्याकडून यायचा आणि निजाम हिशेबाला किती काटेकोर आणि हाताने किती घट्ट होता याच्या गोष्टी हैदराबादेत आजही सांगतात.

पण काही बायकांनी यातूनही वाट काढली होती. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड यांचं उदाहरण घ्या. त्यांनी पडदा सोडला, १९११ साली भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत सहलेखकासह पुस्तक काढलं आणि १९२७ साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. मानधन नाही, पद नाही, पण काम त्यांचं स्वतःचं.

दुर्रुशेहवार यांनीही हाच रस्ता धरला. हैदराबादच्या जनान्यात पडदा कडक होता. या दोघी तुर्की जावा मात्र उघड्या चेहऱ्याने समारंभांना येऊ लागल्या. साडी त्यांनी आपलीशी केली. उद्घाटनं, शाळा, बायकांच्या सभा यांना दुर्रुशेहवार जाऊ लागल्या. सिसिल बीटनसारख्या नावाजलेल्या इंग्रज छायाचित्रकाराने त्यांची छायाचित्रं काढली. वर्तमानपत्रांना त्यांच्या रूपात आणि दागिन्यांत रस होता.

त्यांना स्वतःला रस होता तो मुलींच्या शिक्षणात आणि बायकामुलांच्या औषधपाण्यात.

हैदराबादच्या जुन्या शहरात पुरानी हवेलीच्या आवारात त्यांच्या नावाने बायका आणि मुलांसाठी दवाखाना उभा राहिला. त्याच जुन्या शहरात मुलींसाठी ज्युनिअर कॉलेज निघालं. जिथे आईबाप मुलीला लांबच्या कॉलेजात पाठवायला तयार नसायचे, त्या वस्तीत ही सोय होणं ही साधी गोष्ट नव्हती.

दुसरं काम घरातलं होतं. मोठा मुलगा मुकर्रम १९३३ साली नीसमध्ये जन्मला, धाकटा मुफ्फखम १९३९ साली. मुलं दरबारातल्या खुशामतीत वाढू नयेत यावर त्यांचा कटाक्ष होता. मुकर्रमला आधी डेहराडूनच्या डून स्कूलमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये हॅरो व केंब्रिजला शिकवलं गेलं. सासरा जुन्या वळणाचा, नवरा ऐषारामी. अशा घरात मुलांच्या शिक्षणाचा आग्रह धरून बसणं हेही एक कामच होतं.

अर्थात एक गोष्ट लपवून चालणार नाही. या सगळ्याचा पैसा येत होता तो संस्थानाच्या तिजोरीतून. आणि त्या तिजोरीत मराठवाड्याच्या शेतकऱ्याचा साराही जात होता. नांदेड, परभणी, बीड, धाराशिव इथल्या गावांत तेव्हा शाळा शोधावी लागायची आणि ती सापडली तरी पुढचं शिक्षण मराठीत नाही, उर्दूत असायचं. राजधानीत दवाखाने आणि कॉलेजं निघत होती, तेव्हा वाढोण्यासारख्या गावाच्या वाट्याला राजवाड्याकडून फारसं काही येत नव्हतं.

जाऊबाईंची वेगळी वाट

निलोफर यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण दोघींची सुरुवात एकाच दिवशी, एकाच मांडवात झाली होती.

निलोफर यांना मूल झालं नाही. नवऱ्याशी पटलं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी परिचारिकेचं प्रशिक्षण घेतलं. १९४९ साली त्यांची एक जवळची सेविका बाळंतपणात दगावली. एवढ्या श्रीमंत संस्थानात बाळंतिणीला वेळेवर उपचार मिळू नयेत हे त्यांच्या मनाला फार लागलं. त्यातून बाया-बाळांच्या मोठ्या इस्पितळाची कल्पना पुढे आली आणि १९५३ साली हैदराबादच्या रेड हिल्स भागात निलोफर हॉस्पिटल सुरू झालं.

त्याआधीच, १९५२ साली, त्यांचा घटस्फोट झाला होता. म्हणजे इस्पितळाचं दार उघडलं तेव्हा ज्या घराण्याच्या सून म्हणून त्यांनी ते मागितलं, त्या घराण्याच्या त्या सून राहिल्या नव्हत्या. त्या पॅरिसला गेल्या, १९६३ साली एका अमेरिकन गृहस्थाशी लग्न केलं आणि १९८९ साली तिथेच वारल्या.

सुनेचं नातं संपलं, इस्पितळाची पाटी मात्र कोणी बदलली नाही. आज तेलंगणातलं लहान मुलांचं हे एक मोठं सरकारी इस्पितळ आहे. नांदेडकडचे लोकसुद्धा आजारी लेकरू घेऊन हैदराबाद गाठतात तेव्हा निलोफरचं नाव त्यांच्या तोंडी असतं.

दोघी जावांत फरक एवढाच, की निलोफर नातं तोडून मोकळ्या झाल्या आणि दुर्रुशेहवार यांनी नावापुरतं का होईना, सून असणं निभावलं. त्यांचाही संसार सुखाचा नव्हता. पुढे नवराबायको वेगळे राहू लागले.

१९४८ आणि हिमायतनगर

सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या. पाच दिवसांत निजामाने शरणागती पत्करली. १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून आजही झेंडा फडकावून साजरा होतो.

त्याआधीचे महिने या भागाने भयंकर काढले होते. रझाकारांचे हल्ले, जाळपोळ, गाव सोडून नदीपलीकडे पळालेली कुटुंबं. पैनगंगेच्या काठच्या गावांना नदीपलीकडचा वऱ्हाड हाच आसरा होता, कारण तिथे निजामाचा हुकूम चालत नव्हता. जो मुलूख राजपुत्राच्या पदवीत होता, तोच मुलूख त्याच्या बापाच्या राजवटीतून पळणाऱ्यांना सुरक्षित वाटत होता.

हिमायतनगरात आज हुतात्मा जयवंतराव पाटील यांच्या नावाचं महाविद्यालय आहे. गावाच्या नावात निजामाचा राजपुत्र, आणि गावातल्या कॉलेजच्या पाटीवर मुक्तिसंग्रामातला हुतात्मा. मराठवाड्याचा सगळा इतिहास या दोन पाट्यांत आला.

राजवाड्यातल्या सुनेच्या हातात या राजकारणाची कोणतीच दोरी नव्हती. पण ज्या घराची पदवी ती मिरवत होती, त्या घराच्या राजवटीत हे घडलं, हेही तितकंच खरं.

बापाची कबर

दुर्रुशेहवार यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं दुःख राज्य जाण्याचं नव्हतं. ते होतं वडिलांचं.

ऑगस्ट १९४४ मध्ये खलिफा अब्दुलमजीद पॅरिसमध्ये वारले. इस्तंबूलच्या मातीत दफन व्हावं ही त्यांची इच्छा. मुलीने तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष इनोनू यांच्याकडे परवानगी मागितली. ती मिळाली नाही. पुढच्या प्रयत्नांनाही यश आलं नाही. दहा वर्षं खलिफाचं पार्थिव पॅरिसच्या मशिदीत ठेवलेलं होतं.

आपल्याकडे खुलताबादला, जिथे औरंगजेब आणि पहिला निजाम यांच्या कबरी आहेत, त्या परिसरात निजामाने व्याह्यासाठी तुर्की धाटणीचा मकबरा बांधायला घेतला होता. पण खलिफा तिथे कधी आलेच नाहीत. १९५४ साली त्यांना मदिनेत दफन करण्यात आलं. मराठवाड्यातला तो मकबरा रिकामाच राहिला.

१९५२ साली तुर्कस्तानने उस्मानी घराण्यातल्या बायकांना देशात परतायला परवानगी दिली. दुर्रुशेहवार कायमच्या परतल्या नाहीत. बापाला मूठभर माती न देणाऱ्या देशाबद्दलची ही अढी त्यांच्या मनात शेवटपर्यंत राहिली.

शेवटची पदवीही गेली

निजामाने थोरल्या मुलाला, म्हणजे आझम जाह यांना, बाजूला सारून नातू मुकर्रमला वारस ठरवलं. १९५४ साली भारत सरकारनेही हे मान्य केलं. फेब्रुवारी १९६७ मध्ये निजाम वारला आणि एप्रिलमध्ये चौमहल्ला राजवाड्यात मुकर्रम जाह गादीवर बसले.

म्हणजे दुर्रुशेहवार निजामाची बायको कधीच झाल्या नाहीत. युवराजाची पत्नी म्हणून आल्या आणि थेट गादीवरच्या मुलाची आई झाल्या. १९७० साली आझम जाह वारले.

आणि २८ डिसेंबर १९७१ रोजी संविधानाची २६वी दुरुस्ती झाली. संस्थानिकांचे तनखे बंद झाले, सरकारी मान्यता संपली. बेरारचं तर आधीच काही उरलं नव्हतं. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत वऱ्हाड आणि मराठवाडा दोन्ही मुंबई राज्यात आले होते आणि १९६० पासून महाराष्ट्रात.

पहिली पदवी अंकाराच्या संसदेने काढली होती. शेवटची दिल्लीच्या संसदेने. दोन्ही वेळा त्यांना कोणी विचारलं नाही, आणि लोकशाहीत ते विचारायचं कारणही नव्हतं.

दुर्रुशेहवार लंडनला राहू लागल्या. पण हैदराबादला येणं सुटलं नाही. आल्या की दवाखान्यात चक्कर व्हायची. आता त्या कायद्याने कोणाच्याच राजकन्या नव्हत्या, तरी दवाखान्याच्या विश्वस्तांना आणि कॉलेजातल्या मुलींना त्यांच्या पदवीशी काही देणंघेणं नव्हतं.

त्यांच्यानंतरची पिढी आणखी पुढे गेली. मुकर्रम जाह यांनी १९५९ साली एसरा या तुर्की मुलीशी लग्न केलं. एसरा यांनी वास्तुकलेचं शिक्षण घेतलेलं होतं. पुढे घटस्फोट झाला. पण कर्ज आणि खटल्यांत अडकलेल्या मालमत्तेचा गुंता सोडवायला अनेक वर्षांनी त्यांनाच परत बोलावलं गेलं. पडक्या चौमहल्ला राजवाड्याची दुरुस्ती त्यांच्या देखरेखीखाली झाली आणि २०१० साली त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. आज हैदराबादला जाणारे पर्यटक तिकीट काढून जो चौमहल्ला बघतात, तो अशा एका सुनेच्या शिक्षणामुळे उभा आहे.

म्हणजे सासूच्या काळात सुनेने दान करायचं, एवढीच मुभा होती. सुनेच्या काळात तिची पदवी नव्हे, तिची डिग्री कामाला आली.

७ फेब्रुवारी २००६ रोजी दुर्रुशेहवार लंडनमध्ये वारल्या. वय ९२. त्यांचं दफन ना इस्तंबूलला झालं, ना हैदराबादला. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात ब्रुकवुड नावाची मोठी दफनभूमी आहे, तिथे त्यांची कबर आहे.

सुलतान, दुर्दाना बेगम, प्रिन्सेस ऑफ बेरार. यातली एकही पदवी आज कोणत्याच सरकारच्या कागदावर नाही. वऱ्हाडात तर बेरार नावाची कोणी प्रिन्सेस होती हे सांगितलं तर लोक आश्चर्य करतील.

पण हैदराबादच्या पुरानी हवेलीत रिक्षावाल्याला दुर्रुशेहवार दवाखाना म्हटलं की तो थेट दारात नेऊन सोडतो. तिथे केसपेपर काढून बसलेल्या बाईला खलिफा कोण आणि निजाम कोण याची गरज नसते. तिला डॉक्टर आत आहेत का, एवढंच हवं असतं.